शिफ्ट पाच वेळा दाबा



गेम खेळताना शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं की काय होतं, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. टुंग असा आवाज येतो, खेळ अडतो आणि 'स्टिकी कीज चालू करायच्या का?' असं विचारणारी चौकट समोर येते. आपण चिडून 'नाही' दाबतो. काही जण तर सेटिंगमध्ये जाऊन ती चौकट कायमची बंद करून टाकतात. मीही केली होती. ती कोणासाठी आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो पडला मागच्या वर्षी, पांढुर्ण्याच्या घरी.

आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं पूर्ववत झालं, चालणंही काठीच्या आधारानं जमू लागलं. डावा हात मात्र मांडीवर पडून असतो. उजवा चालतो, पण सायंकाळी थकला की थरथरतो. मोठ्या बाबांनी उभी नोकरी कचेरीत टाइपरायटरवर हिंदी बडवण्यात घालवली. मराठी त्यांनी लिहिली ती घरी, पत्रांमधून, शाईच्या पेनानं. आता पेन धरवत नाही. त्यांना पोळ्यावर लिहायचं होतं: बैलांची नावं, झुली कोण शिवायचं, कोणाचं तोरण कुठे बांधलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीला जायला त्यांच्या आईनं कशी बंदी केली होती, ते सगळं.

मी आपला उत्साहानं म्हणालो, "तुम्ही सांगा मोठे बाबा, मी टाइप करतो."

दोन दिवस ते सांगत होते आणि मी लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाचायला मागितलं. वाचून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मी 'मले' म्हटलं होतं, तू 'मला' लिहिलं. मी 'काहून' म्हटलं, तू 'का' लिहिलं. तुह्या हातानं लिहिलं तं ते तुहं झालं, माहं नाही."

मला राग आला. मग थोड्या वेळानं लाज वाटली. मी मुद्दाम काही बदललं नव्हतं. हाताला शाळेची सवय लागली होती, इतकंच. पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

म्हणून या महिन्याच्या सदरात एवढंच सांगायचं आहे: घरातल्या थकलेल्या हातांसाठी आपण टाइप करून देण्याआधी, ते हात स्वतः टाइप करू शकतील असा कीबोर्ड करून द्यावा. खर्च काही नाही. सगळं आपल्या यंत्रात आधीपासूनच आहे.

मराठीला शिफ्ट जास्त का लागते

इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांना. मराठीचं तसं नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की जो कीबोर्ड मिळतो तो इनस्क्रिप्ट. त्याची मांडणी १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली आणि पुढे तीच सगळ्या भारतीय भाषांसाठी प्रमाण झाली. मांडणी मोठी शहाणी आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. क जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ख, ग तिथे घ, ब तिथे भ. ल तिथे शिफ्ट धरली की आपला ळ. मात्रा साधी, तर पूर्ण स्वर शिफ्टवर.

दोन धडधाकट हातांना हे सोपं आहे. आता एकाच हातानं करून पाहा. डावा हात पाठीमागे घ्या आणि 'आई' लिहा. आ ला शिफ्ट, ई लाही शिफ्ट. दोन अक्षरं आणि दोन्हींना शिफ्ट! 'बाबा' लिहायला एकदाही लागत नाही. 'भाऊ'ला दोनदा, 'शाळा'ला दोनदा. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. 'सौंसर' एका बोटानं सरळ लिहिता येतं. 'पांढुर्णा'मध्ये मात्र ढ आणि ण दोन्हींना शिफ्ट, आणि ण तर इंग्रजी सी च्या बटणावर, पार डावीकडे. उजव्या हाताच्या एका बोटानं शिफ्ट धरून दुसरं बोट तिथवर पोचवायचं म्हणजे कसरतच.

मोठ्या बाबांना मी ही गणती सांगितली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणून तं आम्ही आईले माय म्हणतो." खरंच, 'माय'ला एकदाही शिफ्ट लागत नाही!

एकामागून एक

त्या टुंग वाजणाऱ्या चौकटीचं काम इथे येतं. स्टिकी कीज चालू असल्या की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. शिफ्ट दाबायची, सोडायची, मग सावकाश अक्षर दाबायचं. यंत्र शिफ्ट लक्षात ठेवतं. कंट्रोल, आल्ट आणि विंडोजच्या बटणालाही हेच लागू. म्हणजे भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार एकदम दाबायची गरज नाही, एकामागून एक दाबलं तरी चालतं.

ही सोय कोणा कंपनीला सहज सुचलेली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांचे सहकारी अपंग व्यक्तींसाठी अशा सोयी तयार करत होते. त्या विंडोज ९५ पासून थेट विंडोजमध्ये आल्या. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधीपासून हे बटण आपली वाट पाहतंय.

विंडोज ११ मध्ये करायचं ते असं:

१. विंडोजचं बटण आणि यू दाबा. 'ॲक्सेसिबिलिटी'चं पान उघडतं. त्यात 'कीबोर्ड' निवडा.

२. 'स्टिकी कीज' चालू करा आणि त्याच ओळीवर टिचकी मारून आतले पर्याय उघडा.

३. 'दोनदा दाबल्यावर लॉक' हा पर्याय चालू ठेवा. शिफ्ट दोनदा दाबली की ती अडकून राहते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते.

४. 'दोन बटणं एकदम दाबल्यास स्टिकी कीज बंद' हा पर्याय असेल तर तो आवर्जून बंद करा. कारण खाली सांगतो.

ॲपलच्या मॅकवरही हेच आहे: सिस्टिम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड.

तिसरा मुद्दा मोठ्या बाबांना समजावून सांगावाच लागला नाही. जुन्या टाइपरायटरवर शिफ्ट लॉकचं बटण असायचं. ते दाबलं की शिफ्ट खाली अडकायची. "हे तं आमच्या मशिनीतलंच हाय," ते म्हणाले, आणि पुढचं शिकणं निम्म्यानं कमी झालं. घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवताना त्यांना आधीपासून काय येतं हे विचारून घ्या. आपण समजतो त्यापेक्षा त्यांना बरंच काही येत असतं.

आता चौथ्या मुद्द्याचं कारण. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत चाललं. एका संध्याकाळी मी त्यांच्या लिखाणातली एक चूक दुरुस्त करायला हात घातला. मी नेहमीसारखी शिफ्ट धरून अक्षर दाबलं. दोन बटणं एकदम दाबली गेली म्हणून विंडोजनं समजून घेतलं की आता दोन हातांचा माणूस आलाय, आणि स्टिकी कीज गुपचूप बंद केल्या. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा शिफ्ट दाबतायत, सोडतायत, आणि ळ च्या जागी ल येतोय. त्यांना वाटलं हात आणखी बिघडला. दिवसभर कोणाला काही बोलले नाहीत. रात्री मोठ्या आईनं मला फोन केला तेव्हा कळलं. एका खुणेची चूक होती, पण तो दिवस त्यांनी कसा काढला असेल याचा विचार करवत नाही.

तेव्हा दोन गोष्टी पाळा. तो पर्याय बंद ठेवा. आणि जमलं तर संगणकावर वडीलधाऱ्यांचं वेगळं खातं उघडून द्या. या सेटिंग प्रत्येक खात्याच्या वेगळ्या राहतात, त्यामुळे तुमचा गेम अडत नाही आणि त्यांचं लिखाणही अडत नाही.

हात थरथरत असेल तर

स्टिकी कीजनं एका हाताचा प्रश्न सुटतो, थरथरीचा सुटत नाही. बोट बटणावर जरा जास्त रेंगाळलं की अक्षर पुन्हापुन्हा उमटतं. एक काना द्यायचा असतो आणि चार उमटतात, वरून ती रिकामी ठिपक्यांची वर्तुळं दिसू लागतात. मग ती खोडा. खोडतानाही बोट रेंगाळतं आणि अख्खा शब्द जातो. चांगला शिकलेला माणूसही इथे कंटाळून उठतो.

याला तीन उपाय आहेत. सगळे एकदम लावू नका. एक लावा, दोन दिवस पाहा, मग पुढचा.

पहिला उपाय सगळ्यात सौम्य. कंट्रोल पॅनेलमध्ये 'कीबोर्ड' उघडा. 'रिपीट डिले' नावाची पट्टी असते, ती 'लाँग'कडे सरकवा. अक्षर पुन्हा उमटायला लागण्याआधी यंत्र जास्त वेळ थांबतं. तिथेच खाली चाचणीची चौकट असते, तिच्यात त्यांनाच टाइप करून पाहू द्या. बऱ्याच जणांचं काम एवढ्यावरच भागतं.

दुसरा उपाय 'फिल्टर कीज'मधला 'बाउन्स कीज'. तेच बटण चुकून पटकन दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर यंत्र दुसरी वेळ सोडून देतं. इंग्रजीत याचा त्रास होतो, कारण तिथे एकच अक्षर दोनदा लागोपाठ बऱ्याचदा येतं. इनस्क्रिप्टमध्ये मात्र तो क्वचितच होतो. 'बाबा'मध्ये दोन ब च्या मध्ये काना आहे, 'अक्का'मध्ये दोन क च्या मध्ये हलन्त. 'ससा', 'ममता' असे मोजके शब्द सोडले तर तेच बटण लागोपाठ दोनदा दाबायची वेळ येत नाही. तेवढ्या शब्दांना मध्ये क्षणभर थांबायचं. म्हणजे इथे आपली लिपी थरथरत्या हाताच्या बाजूनं आहे! रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र 'आ'साठी ए दोनदा लागतो, त्यांनी हा उपाय जपून वापरावा.

तिसरा उपाय 'स्लो कीज'. बटण ठरावीक वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, नुसता धक्का लागला तर नाही. ज्यांचं बोट वाटेत इतर बटणांना घासत जातं त्यांना हा उपयोगी. वेळ अगदी कमी ठेवून सुरुवात करा, नाहीतर लिहिणारा वैतागेल.

एक सावधगिरी. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तरी फिल्टर कीज चालू करणारी चौकट येते. आधारासाठी कोणाचा तळवा तिथे टेकला, चौकटीत न वाचता 'हो' दाबलं गेलं, आणि मग 'कीबोर्ड बिघडला, अक्षरं उमटत नाहीत' म्हणून नवा आणला, असंही घडू शकतं. कीबोर्ड बदलण्याआधी हे सेटिंग एकदा पाहा. नको असेल तर तो शॉर्टकट बंद करता येतो.

आणि हातातली थरथर नवीन असेल, तर सेटिंग नंतर, आधी डॉक्टर.

कोणता कीबोर्ड द्यावा

इनस्क्रिप्टच द्यावा असा माझा आग्रह नाही. ज्यांना रोमन अक्षरं सवयीची आहेत, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. त्यात शिफ्ट कमी लागते. पण ज्या माणसाच्या मनात शब्द देवनागरीतच उमटतो, त्याला 'आई' लिहिण्यासाठी इंग्रजी स्पेलिंग शोधायला लावणं म्हणजे गावात जायला नागपूरहून वळसा घालायला लावणं.

आपल्याकडच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. तुमच्यातले अनेक जण सरकारी नोकरीच्या तयारीत सीपीसीटीसाठी हिंदी टायपिंग शिकतात. तुम्ही इनस्क्रिप्ट निवडलं असेल, तर मराठी टायपिंग तुम्हाला आलंच आहे. मांडणी तीच, बटणं तीच. फक्त ळ ची सवय करायची.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठीही सोयी आहेत. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतो, तो 'लाँग' करा. मग बोट जरा टेकून राहिलं तर भलतंच काही उघडत नाही. जीबोर्डमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते आणि तो एका हाताच्या बाजूला सरकवताही येतो.

काही सोयी संगणकाबाहेरच्याही आहेत. कीबोर्डखाली ओलसर रुमाल किंवा रबरी मॅट ठेवा, म्हणजे एका हातानं दाबताना तो सरकत नाही. देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते लावा. लॅपटॉपपेक्षा वेगळा, मोठ्या बटणांचा कीबोर्ड टेबलावर असला तर कोपर टेकवता येतो.

'बोलून का लिहीत नाही?' असंही तुम्ही विचाराल. गूगलनं २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहायची सोय आणली आणि ती खरंच कामाची आहे. लांब निरोप, बाजाराची यादी, यासाठी जरूर वापरा. मोठ्या बाबांनीही वापरून पाहिली. पण त्यांचं 'मले' तिला कधी कळायचं, कधी नाही. आणि मनातलं सगळंच घरभर ऐकू जाईल असं बोलून लिहिता येत नाही.

त्यांचे शब्द, त्यांच्या हातून

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का सांगतोय? १९५६ मध्ये राज्यांची सीमा आखली गेली आणि आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी, नोकरीत हिंदी किंवा इंग्रजी. आपल्यापैकी किती जणांना मराठीत सलग दोन पानं लिहिता येतात, मनाशी विचारून पाहा. आपण 'जामसावळी' म्हणतो, पण पाटीवर वाचतो ते ल चं नाव. आंबिया बहार, मृग बहार हे शब्द संत्र्याच्या बागेत राबलेल्या माणसांच्या तोंडी आहेत, आपल्या तोंडी कमी. हे लिहून ठेवू शकतील अशी माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. शब्द त्यांच्याकडे आहेत आणि चांगले हात आपल्याकडे. आपण आपले हात पुढे करतो, पण त्या हातांतून आपलेच शब्द उतरतात. त्यांचे शब्द त्यांच्याच हातून उतरायला हवेत.

तेव्हा येत्या रविवारी अर्धा तास काढा. आजोबा, आजी, मावशी, आत्या, जो कोणी 'आता नाही जमत' म्हणून लिहायचा थांबला असेल, त्यांच्याशेजारी बसा. आधी विचारा, "कुठे अडतं?" परस्पर काही बदलू नका. मग एकच सेटिंग बदला आणि त्यांचं नाव त्यांनाच लिहू द्या. चूक झाली तर हात आवरा. खोडायचं बटण त्यांनाही माहीत आहे.

मोठ्या बाबांचा पोळ्याचा लेख अजून पूर्ण झालेला नाही. रोज चार-पाच ओळी होतात, हात थकला की एखादीच. ण लिहिताना ते अजूनही क्षणभर थांबतात, शिफ्ट दाबतात, मग हात डावीकडे नेतात. गोटमारीचा भाग आता सुरू झालाय. मागच्या आठवड्यात त्यांनी मला फोन करून बजावलं, "दुरुस्त करू नको. पहिले वाच."

मी वाचला. त्यात एका जागी 'मले'च्या ऐवजी 'मला' आलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी स्वतःच बदललं होतं.

तुमच्या घरी काय अडलं, कोणत्या सेटिंगनं सुटलं, ते जरूर कळवा. आणि शक्य असेल तर ते पत्र तुम्ही लिहू नका. ज्यांच्यासाठी सेटिंग बदललं, त्यांनाच लिहू द्या.